आयर्लंडमधील राष्ट्रवादी–युनियनिस्ट वाद

आयर्लंड बेटाचे एकच स्वतंत्र राज्य असावे, की त्याचा ईशान्य भाग ग्रेट ब्रिटनशी संयुक्त राहावा, या प्रश्नावर तेथील दोन राजकीय परंपरांत चालत आलेला वाद. पहिल्या मताच्या अनुयायांस राष्ट्रवादी म्हणतात. १८०१ मध्ये अंमलात आलेला ब्रिटनशी संयोग टिकावा, असे मानणारे ते युनियनिस्ट. राष्ट्रवाद्यांतील जहाल पंथास रिपब्लिकन आणि युनियनिस्टांतील कडव्या, बव्हंशी श्रमिक वर्गातील पंथास लॉयलिस्ट अशी नावे आहेत. स्थूलमानाने राष्ट्रवादी हे रोमन कॅथलिक व युनियनिस्ट हे प्रॉटेस्टंट असतात. त्यामुळे बाहेरच्या निरीक्षकास हा धर्मकलह वाटतो. वस्तुतः धर्मतत्त्वांचा ऊहापोह या वादात फारसा आढळत नाही. बहुमताने निर्णय घ्यावा हे दोन्ही पक्षांना तत्त्वतः मान्य आहे. ते बहुमत कोणत्या भूभागात मोजावे, हाच खरा वादविषय होय.

संपूर्ण बेटाच्या ३२ परगण्यांत मोजणी केली, तर विसाव्या शतकाच्या आरंभी राष्ट्रवाद्यांचे बहुमत निर्विवाद होते. ईशान्येकडील सहा परगण्यांत केली, तर युनियनिस्टांचे होते. आणि त्या सहांपैकी टिरोन व फर्मॅना हे दोन परगणे वेगळे धरले, तर तेथे पुन्हा राष्ट्रवादीच अधिक होते. चौकट बदलली की उत्तर बदलते. कोणती चौकट न्याय्य, हे मतदानाने ठरविता येत नाही. कारण मतदान कोणी करावयाचे, हे त्याआधी ठरलेले असावे लागते.

या दोन समाजांच्या घडणीचे मूळ १६०९ पासून पद्धतशीरपणे झालेल्या अल्स्टरच्या वसाहतीकरणात आहे. स्थानिक गेलिक सरदारांच्या जप्त केलेल्या जमिनींवर इंग्लंड व स्कॉटलंडमधील प्रॉटेस्टंट कुळे वसविण्यात आली. १६९० मध्ये बॉइन नदीकाठी तिसऱ्या विल्यमने कॅथलिक राजा दुसरा जेम्स याचा पराभव केला. ऑरेंज ऑर्डर ही १७९५ मध्ये स्थापन झालेली संघटना १२ जुलै रोजी त्या विजयाच्या मिरवणुका काढते. तथापि धर्म आणि राजकीय निष्ठा यांची सांगड पूर्वीपासून पक्की होती असे नाही. १७९८ च्या ब्रिटिशविरोधी उठावाचा नेता वुल्फ टोन हा प्रॉटेस्टंट होता आणि त्या उठावात अल्स्टरमधील प्रेस्बिटेरियनांचा मोठा वाटा होता. एकोणिसाव्या शतकात बेलफास्टचा तागी कापडाचा व जहाजबांधणीचा उद्योग ब्रिटिश साम्राज्याच्या बाजारपेठेवर वाढला, तर उर्वरित बेट १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळाने खचले. संयोगाचा अनुभव दोन्हीकडे इतका भिन्न आल्यावर त्याविषयीची मतेही दुभंगली.

ग्लॅडस्टनने १८८६ मध्ये आयर्लंडला स्वराज्य देणारे पहिले होमरूल विधेयक मांडले आणि वादाला पक्षीय रूप आले. ते व १८९३ चे दुसरे विधेयक फेटाळले गेले. १९१२ मध्ये तिसरे येताच २८ सप्टेंबर रोजी एडवर्ड कार्सनच्या नेतृत्वाखाली अल्स्टरमध्ये प्रतिज्ञापत्रावर सह्या झाल्या. पुरुषांच्या सुमारे २ लाख ३७ हजार व स्त्रियांच्या वेगळ्या घोषणापत्रावर सुमारे २ लाख ३४ हजार. पुढील वर्षी दोन्ही पक्षांची स्वयंसेवक दले उभी राहिली. संसदेचा कायदा मोडून काढण्यासाठी शस्त्रे आणण्याचा पायंडा या काळात राजनिष्ठ म्हणविणाऱ्यांनी प्रथम पाडला, ही बाब युनियनिस्ट इतिहासकथनात सहसा मागे ठेवली जाते. ‘होमरूल’ हा शब्द याच चळवळीतून भारतात आला. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये बेळगाव येथे होमरूल लीग स्थापन केली. न. चिं. केळकर यांनी तर आयर्लंडचा इतिहासच मराठीत लिहिला. मराठी वाचकांस परिचित झालेला आयर्लंड मात्र मुख्यतः राष्ट्रवाद्यांचा होता.

१९१६ हे वर्ष दोन्ही परंपरांना पवित्र आहे, पण वेगवेगळ्या कारणांनी. एप्रिलमध्ये डब्लिन येथे ईस्टरचा उठाव झाला व त्याच्या नेत्यांना गोळ्या घालण्यात आल्या. १ जुलै रोजी फ्रान्समधील सॉमच्या रणक्षेत्रात ब्रिटिश सेनेच्या ३६ व्या अल्स्टर डिव्हिजनची भयंकर हानी झाली. एका परंपरेसाठी ते ब्रिटनविरुद्ध केलेले बलिदान, तर दुसरीसाठी ब्रिटनकरिता. १९१८ च्या निवडणुकीत शिन फेन पक्षाने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या. ब्रिटिश संसदेने १९२० च्या कायद्याने बेटाची फाळणी केली आणि मे १९२१ मध्ये उत्तर आयर्लंड अस्तित्वात आले. डिसेंबरमधील तहाने उर्वरित २६ परगण्यांस वसाहतीचे स्वराज्य मिळाले.

सीमारेषा कोठे आखावी, यात वादाचे मर्म उघडे पडले. ऐतिहासिक अल्स्टर प्रांत नऊ परगण्यांचा असून १९११ च्या जनगणनेप्रमाणे त्यात कॅथलिक सुमारे ४४ टक्के होते. इतके निसटते बहुमत टिकणार नाही, म्हणून युनियनिस्ट नेतृत्वाने डोनेगॉल, कॅव्हन व मॉनहन हे तीन परगणे सोडून देऊन सहांवर समाधान मानले. त्या तीन परगण्यांतील युनियनिस्टांनीही १९१२ मध्ये प्रतिज्ञा केली होती. त्यांना हा विश्वासघात वाटला. उलट टिरोन व फर्मॅना यांची इच्छा न विचारताच त्यांचा समावेश केला गेला. सीमा आयोगाचे काम १९२५ मध्ये रेषा जशीच्या तशी ठेवून संपले.

बेटाच्या बहुमताने अल्पमतावर सत्ता लादू नये, हा युनियनिस्टांचा युक्तिवाद बलवान होता. परंतु आपल्या सहा परगण्यांतील अल्पमतास त्यांनी तोच न्याय लावला नाही. १९२१ पासून १९७२ पर्यंत तेथे एकाच पक्षाचे सरकार अखंड राहिले. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत रद्द करण्यात आली आणि स्थानिक निवडणुकांतील मताधिकार घरपट्टी व मालमत्तेशी निगडित राहिला. कॅथलिक बहुसंख्य असलेल्या डेरी शहरात प्रभागांची आखणीच अशी होती, की १९६० नंतरच्या दशकातही नगरपालिकेत युनियनिस्टांचे १२ व राष्ट्रवाद्यांचे ८ सदस्य निवडून येत. राष्ट्रवाद्यांच्या भूमिकेतही एक पोकळी होती. डब्लिनच्या १९३७ च्या संविधानाने संपूर्ण बेट हा राष्ट्रीय प्रदेश मानला. पण दहा लाखांच्या आसपास असलेल्या ज्या लोकांना त्या राष्ट्रात यायचे नव्हते, त्यांचे काय करावयाचे याचे उत्तर त्यात नव्हते. युनियनिस्ट हे भुलविले गेलेले आयरिश असून ब्रिटन निघून गेल्यास ते आपोआप शुद्धीवर येतील, अशी समजूत बराच काळ प्रचलित होती.

वाद किती खोल मुरला आहे, हे शब्दांवरून कळते. राष्ट्रवादी त्या प्रदेशास ‘उत्तरभाग’ किंवा ‘सहा परगणे’ म्हणतात, युनियनिस्ट ‘अल्स्टर’ किंवा ‘प्रांत’. ‘सहा परगणे’ म्हणताच राज्याची वैधता नाकारली जाते. ‘अल्स्टर’ म्हणताच सोडून दिलेले तीन परगणे विसरले जातात. राष्ट्रवाद्यांच्या ‘डेरी’चे अधिकृत नाव ‘लंडनडेरी’ आहे. दोन्ही रूपे मध्ये तिरपी रेघ देऊन लिहिण्याची चाल पडल्याने त्यास विनोदाने ‘तिरप्या रेघेचे शहर’ म्हटले जाते. बोलणाऱ्याने पहिले नाम उच्चारताच त्याचा पक्ष ओळखला जातो आणि पुढील म्हणणे त्या ओळखीच्या आधारेच ऐकले जाते.

१९६८ मध्ये नागरी हक्कांच्या मोर्चांवर लाठीमार झाल्यानंतर हिंसाचार पसरत गेला. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी येथे ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात १३ जण ठार झाले; त्याच वर्षी स्थानिक संसद स्थगित होऊन लंडनचा प्रत्यक्ष अंमल सुरू झाला. १९७३ च्या सार्वमतात सुमारे ९९ टक्के मते संयोगाच्या बाजूने पडली. परंतु राष्ट्रवाद्यांनी बहिष्कार घातल्यामुळे मतदान सुमारे ५९ टक्केच झाले. आयरिश रिपब्लिकन आर्मी, लॉयलिस्ट सशस्त्र गट व शासकीय दले यांच्या तीस वर्षांच्या संघर्षात सुमारे ३,५०० माणसे मेली. त्यांत निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होते. वाद हा भूमीचा नसून तीवर राहणाऱ्या लोकांच्या मतभेदाचा आहे, ही राष्ट्रवादी नेता जॉन ह्यूम याची मांडणी या काळात हळूहळू रुजली.

१० एप्रिल १९९८ च्या बेलफास्ट करारात चौकटीचा प्रश्न दुहेरी संमतीने सोडविण्याचा यत्न आहे. उत्तर आयर्लंडच्या बहुमताशिवाय त्याचे स्थान बदलणार नाही, हे राष्ट्रवाद्यांनी मानले. ते बहुमत झाल्यास व आयर्लंड प्रजासत्ताकानेही संमती दिल्यास एकीकरण व्हावे, हे युनियनिस्टांनी मानले. तेथील व्यक्तीस ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याचा हक्क मिळाला आणि दोन्ही समाजांनी मिळून शासन चालविण्याची तरतूद झाली. सार्वमतात उत्तरेत ७१ व प्रजासत्ताकात ९४ टक्के मते करारास अनुकूल पडली. प्रजासत्ताकाने संविधानातील प्रादेशिक दावा मागे घेतला.

करारामुळे शस्त्रे खाली ठेवली गेली, वाद मात्र नव्या विषयांकडे वळला. ब्रिटनने २०१६ मध्ये यूरोपीय संघ सोडण्याचा निर्णय घेतला, तेव्हा उत्तर आयर्लंडच्या ५६ टक्के मतदारांनी विरुद्ध कौल दिला होता. जमिनीवरील सीमा खुली ठेवण्यासाठी ब्रिटनहून येणाऱ्या मालाची तपासणी बंदरांत सुरू झाली; समुद्रात उभी राहिलेली ही सीमा संयोगाला तडा देते, असा युनियनिस्टांचा आक्षेप. त्यापायी फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांच्या प्रमुख पक्षाने मंत्रिमंडळ सोडले. ते पुन्हा बनले फेब्रुवारी २०२४ मध्ये. तेव्हा शिन फेनच्या मिशेल ओनील या प्रथममंत्रिपदावर आलेल्या पहिल्या राष्ट्रवादी ठरल्या.

२०२१ च्या जनगणनेत कॅथलिक किंवा कॅथलिक घरात वाढलेले ४५·७ टक्के, तर प्रॉटेस्टंट व इतर ख्रिस्ती ४३·५ टक्के भरले. केवळ ब्रिटिश म्हणविणारे ३२, केवळ आयरिश २९ व केवळ उत्तर आयरिश २० टक्के आहेत. २०२२ च्या निवडणुकीत दोन्ही गटांत न बसणाऱ्या अलायन्स पक्षास ९० पैकी १७ जागा मिळाल्या. म्हणजे कोणत्याच बाजूस स्वतःच्या बळावर बहुमत नाही. एकीकरणाला बहुमत मिळण्याचा संभव दिसल्यास सार्वमत घेण्याचे बंधन ब्रिटिश मंत्र्यावर आहे. परंतु तो संभव कशावरून ओळखावा, याचे निकष कायद्यात दिलेले नाहीत. सार्वमत एकदा झाल्यास दुसरे सात वर्षांच्या आत घेता येत नाही.