नर्सची मुलाखत: ‘चूक झाली तर काय कराल?’

नर्सच्या मुलाखतीला जाताय? मग या प्रश्नाची तयारी ठेवा: ‘रुग्णाला चुकीचं औषध दिलं गेलं तर काय कराल?’

‘माझ्याकडून अशी चूक होणारच नाही,’ असं म्हणू नका. काय कराल ते क्रमाने सांगा. आधी रुग्णाची नाडी, श्वास, रक्तदाब तपासेन. लगेच डॉक्टरांना आणि इनचार्ज सिस्टरना कळवेन. घडलं ते वेळेसह लिहून ठेवेन. मग योग्य रुग्ण, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ या 5 गोष्टींपैकी कोणती तपासायची राहिली, ते शोधेन.

ट्रेनिंगमधला एखादा खरा प्रसंग असेल, तर तोही सांगा. रुग्णाचं नाव मात्र घेऊ नका. ओरडा बसेल म्हणून तुम्ही चूक लपवाल की रुग्णासाठी लगेच सांगाल, हेच समोरच्यांना जाणून घ्यायचं असतं.