टेलच्या माणसाला सभेत जागा

गावात पाण्याची योजना येते, सभा होते. सह्या होतात, ठराव होतो, चहापान होतं. वर्षभरानं टेलच्या चारीत पाणी पोचत नाही, तेव्हा तिथला शेतकरी म्हणतो, "आम्हाला कुणी इचारलं व्हतं?" कागदावर त्याचा अंगठा असतो, पण त्याचं म्हणणं कुठेच नसतं. सभासद बंधुभगिनींनो, योजना बिघडते ती बहुतेक वेळा इथेच, असे आम्हास वाटते.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे कै. विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नव्हे, तर घरातील माणसांवर ठरला. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतके पाणी. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क मिळाला. ऊस मात्र चालणार नव्हता. आपल्याला, ऊसवाल्यांना, हे टोचेल खरं! पण मुद्दा पिकाचा नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तोही वाटणीच्या बैठकीत हक्काने बसला, हा मुद्दा आहे.

सिंचन व्यवस्थापनाचा २००५ चा कायदाही हेच सांगतो. पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळात वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातील शेतकऱ्यांना जागा आहेत, स्त्रियांनाही आहे. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, अशीही कायद्यात तरतूद आहे. पण जागा ठेवली म्हणजे माणूस आला, असे होत नाही.

तारखांचेच पाहा. ग्रामसभेसाठी २६ जानेवारी ठरलेली. त्या वेळी गळीत हंगाम ऐन भरात. बीड, नगरकडचे ऊसतोड मजूर आपल्या फडात कोयता चालवीत असतात. त्यांच्या गावात त्यांच्याच वस्तीचा रस्ता ठरतो, आणि ते तिथे नसतात. त्यांच्या कोयत्यावर आपला कारखाना चालतो, तेव्हा हा विचार आपणही करायला हवा. मोठ्या कामाचा विषय ते परतल्यावर, उन्हाळ्यात घ्यावा, असा आग्रह गावोगावच्या सभासदांनी धरावा.

बाकी गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. नोटीस फळ्यावर डकवून भागत नाही. दवंडी द्या, वस्तीवर जाऊन वाचून दाखवा. सभा देवळाच्या ओवरीत न घेता शाळेच्या पटांगणात घ्या, म्हणजे कुणाला बाहेर उभं राहावं लागणार नाही, आणि कुबडीवाल्याला पायऱ्याही चढाव्या लागणार नाहीत. वेळ बायकांना विचारून ठरवा. धारा काढायच्या नि भाकरी थापायच्या वेळी सभा लावली तर कोण येणार? इंजिनिअरसाहेबांचा नकाशा कळत नसेल तर जमिनीवर फक्कीने चारी आखा. मग बघा, न शिकलेली म्हातारीसुद्धा सांगेल, "बाबा, हितं उतार उलटा हाय!" ते ऐकलं तर सिमेंट वाचतं.

अशा सभेला वेळ जास्त लागतो, भांडणंही होतात. पण सभेतलं भांडण बांधावरच्या भांडणापेक्षा स्वस्त. तेव्हा पुढच्या सभेत ठरावाला हात वर करण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने एवढंच विचारावं: टेलचं कोण बोललं? कुणीच बोललं नसेल, तर हात खालीच ठेवावा.