घरट्यावरचा पहारा

1958 च्या जूनमधली गोष्ट. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात लॉख गार्टन नावाच्या तळ्याजवळ एका रात्री एक माणूस पाइनच्या झाडावर चढला. झाडाच्या शेंड्यावर ऑस्प्रेचं घरटं होतं. आपल्याकडे कैकर किंवा मीनखाई घार म्हणतात, तोच हा पक्षी. पक्षिप्रेमींचा पहारा असूनही अंधारात तो वर पोहोचला. आरडाओरडा झाला, तो पळाला आणि घरट्यातली अंडी झाडाखाली फुटलेली सापडली. घरट्यात मात्र दोन अंडी होती. ती कोंबडीची होती, वरून तपकिरी बूटपॉलिश फासलेलं.

व्हिक्टोरियन काळापासून ब्रिटनमधल्या हौशी संग्राहकांना दुर्मिळ पक्ष्यांच्या अंड्यांचा नाद होता. पक्षी जितका कमी, तितकी त्याच्या अंड्याला किंमत जास्त. 1850 च्या सुमारास लुईस डनबार नावाचा तरुण लॉख ॲन एलन तळ्यातल्या पडक्या किल्ल्यावरच्या घरट्यापर्यंत गारठ्यात पोहत गेला, तो अंड्यांसाठीच. मासे पळवतो म्हणून जमीनदारांचे रखवालदार या पक्ष्याला गोळ्या घालत. उरलेसुरले पेंढा भरून दिवाणखान्यात जात. 1916 नंतर ब्रिटनमध्ये त्याच्या घरट्याची खात्रीची नोंद मिळेना. 1954 च्या सुमारास स्कँडिनेव्हियाकडून आलेली एक जोडी लॉख गार्टन परिसरात स्थिरावली आणि अंडीचोर पुन्हा जागे झाले.

त्या चोरीनंतर जॉर्ज वॉटरस्टन यांनी जे केलं, ते मला विसाव्या शतकातल्या पक्षिसंरक्षणातलं सर्वांत धाडसी पाऊल वाटतं. ते आरएसपीबी या पक्षिसंरक्षण संस्थेचं स्कॉटलंडमधलं काम पाहत. दुर्मिळ पक्ष्याचं ठिकाण कुणाला कळू द्यायचं नाही, हा तोवरचा शिरस्ता. वॉटरस्टन यांनी 1959 मध्ये तो मोडला. झाडाच्या बुंध्याला काटेरी तार गुंडाळली, सुरक्षित अंतरावर दुर्बिणी बसवल्या आणि लोकांना उघड आमंत्रण दिलं. त्या हंगामात सुमारे 14,000 माणसं आली आणि घरट्यातून तीन पिल्लं उडाली. हजारो डोळे लागलेल्या झाडावर गुपचूप चढणं अवघड असतं, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. ब्रिटनमध्ये आज अडीचशेच्या आसपास जोड्या घरटी करतात, त्याची सुरुवात इथे झाली.

आता अनेक घरट्यांवर कॅमेरे आहेत आणि एप्रिल ते ऑगस्ट हा संसार पुण्यात बसूनही पाहता येतो. मी तो पाहतो. नर आधी परततो की मादी, इथपासून उत्सुकता असते. दोघं हिवाळा वेगवेगळ्या ठिकाणी काढतात आणि वसंतात त्याच घरट्यावर भेटतात. मादी बहुधा तीन अंडी घालते. साधारण सदतीस दिवस बहुतेक वेळ तीच उबवते, नर मासे पुरवतो. माशाचं डोकं आधी स्वतः खाऊन उरलेला मासा तो घरट्यावर आणतो. अंडी एक-दोन दिवसांच्या अंतराने घातलेली असल्यामुळे पिल्लंही मागेपुढे बाहेर येतात. मासे मुबलक असले तर धाकटंही जगतं. टंचाई पडली की थोरलं त्याला चोचीने बडवून मागे रेटतं आणि आई समोर असेल त्या तोंडात घास घालते. पहिल्यांदा हे पाहताना जीव गलबलतो.

वेल्समध्ये ग्लासलिन नदीकाठी 2004 मध्ये ऑस्प्रेंनी घरटं केलं. वादळात ते कोसळलं आणि पिल्लं मेली. 2012 च्या जूनमध्ये डायफी नदीच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस कोसळत राहिला. ऑस्प्रेला पाण्यातला मासा वरून दिसावा लागतो. पाणी गढूळलं की त्याची शिकार थांबते. मादी पंखांची छत्री धरून भिजत बसली, तरी तीनपैकी दोन पिल्लं गेली. तिसरं मरणाच्या दारात असताना कार्यकर्त्यांनी त्याला घरट्यातून काढलं, मासे भरवले आणि परत ठेवलं. निसर्गात ढवळाढवळ करू नये, असं तेव्हाही काही जण म्हणाले. मला ती ढवळाढवळ योग्यच वाटते. शंभर वर्षं ज्याला माणसाने मारून काढलं, त्याला दोन मासे देणं ही परतफेडसुद्धा अपुरी आहे.

ते पिल्लू, त्याचं नाव क्युलन, मोठं होऊन उडालं आणि सेनेगलपर्यंत पोहोचलं. तिथे मत्स्यशेतीच्या जाळ्यात अडकून ते मेलं.

या पक्ष्याच्या आयुष्यातला सर्वांत कठीण टप्पा घरट्याबाहेर सुरू होतो. ऑगस्टमध्ये आई आधी निघून जाते. बाप काही दिवस मासे आणून देतो. मग पिल्लू एकटंच निघतं. वाट दाखवायला कुणी नसतं. समुद्र आणि सहारा ओलांडून ते पश्चिम आफ्रिका गाठतं आणि दोन-तीन वर्षांनीच मायदेशी परततं. बहुतेक पिल्लं परतत नाहीत. म्हणूनच स्कॉटलंडच्या लॉख ऑफ द लोज तळ्यावरची ‘लेडी’ थोर. सलग 24 वर्षं ती तिथे आली. तिने 71 अंडी घातली, 50 पिल्लं उडवली. 2010 मध्ये ती घरट्यात निपचित पडली, आता जाते असं वाटत असताना हजारो लोकांच्या नजरेसमोर पुन्हा उठली.

पहाऱ्याने चोर रोखता येतो, विष रोखता येत नाही. न्यूयॉर्क ते बॉस्टन या किनारपट्टीवर 1940 च्या दशकात सुमारे हजार घरटी होती. 1969 पर्यंत दीडशेच्या आसपास उरली. पॉल स्पिट्झर या तरुण अभ्यासकाने कनेक्टिकटच्या घरट्यांत मेरीलँडची अंडी ठेवली आणि इकडची तिकडे नेली. मेरीलँडची अंडी कनेक्टिकटच्या माद्यांनी नीट उबवली. कनेक्टिकटची अंडी मेरीलँडमध्येही फारशी उबेनात. म्हणजे दोष पालकांच्या वागण्यात नव्हता, अंड्यांतच होता. डीडीटी हे कीटकनाशक माशांतून मादीच्या शरीरात जाऊन कवच पातळ करत होतं. अमेरिकेने 1972 मध्ये त्यावर बंदी घातली आणि पक्षी परतले. भारतात शेतीतला डीडीटीचा वापर 1989 मध्ये बंद झाला.

मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या चेसापीक उपसागरात आज ऑस्प्रेची जगातली फार मोठी वस्ती आहे, पण तिथल्या काही भागांत पिल्लं उपाशी मरताहेत. संख्या टिकायला जोडीमागे वर्षाला सरासरी 1.15 पिल्लं उडावी लागतात. मॉबजॅक खाडीत ती त्याहून खूप कमी उडतात. मेनहेडन हा तारलीच्या कुळातला तेलकट मासा कमी पडतो, असं ब्रायन वॉट्स हे संशोधक म्हणतात. मेनहेडन पकडणाऱ्या उद्योगाला ते मान्य नाही. माँटानात वेगळंच संकट आहे. गवताच्या गाठी बांधायची प्लॅस्टिक सुतळी पक्षी घरट्यात आणतात आणि तिच्यात पिल्लांचे पाय गुरफटतात. तिथल्या विद्यापीठाचे संशोधक ती सोडवत असतात.

आपल्याकडे ऑस्प्रे हिवाळी पाहुणे. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवण परिसरात ते दरवर्षी दिसतात. ते ब्रिटनमधून येत नाहीत, उत्तरेकडच्या आशियातून येतात. पण तिकडे उन्हाळ्यात पिल्लं वाढवायची ताकद ते हिवाळ्यात इथल्या पाण्यावर, चिलापी खाऊन राखतात. फोटोसाठी नाव जवळ दामटली की धडपडून पकडलेला मासा अर्धवट टाकून पक्षी उडतो आणि पुन्हा बुड्या मारत बसतो. कधी कधी अनेक बुड्या वाया जातात, तेव्हा एक मासा मिळतो. या हिवाळ्यात भिगवणला गेलात तर पक्षी खात असताना नावाड्याला सांगा, ‘दादा, इथूनच बघू.’ आणि काठावर फाटक्या नायलॉन जाळ्याचा तुकडा दिसला, तर तो उचलून सोबत घेऊन या.