मध्यरेषेवरचं वाशिम आणि साडेपाच मिनिटं

वाशिमच्या मध्यमेश्वर मंदिराविषयी गावात ठामपणे सांगतात, की पृथ्वीची मध्यरेषा इथूनच जाते. बाहेरचा पाहुणा हे ऐकून गालातल्या गालात हसतो. पण भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेषेवरची ठिकाणं दिली आहेत आणि त्यांत उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांच्या पंक्तीला वत्सगुल्म आहे. वत्सगुल्म ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, म्हणजेच आजचं वाशिम. या ग्रंथाचं गणित शके ११०५, म्हणजे इ.स. ११८३ पासून सुरू होतं. ग्रिनिचला शून्य रेखांशाचा मान मिळाला तो १८८४ साली, वॉशिंग्टनच्या परिषदेत.

शून्य रेखांश कुठे धरायचा, हे माणसं ठरवतात. त्यात खरंखोटं काही नाही. मात्र उज्जैन आणि वाशिम एकाच रेषेवर आहेत की नाहीत, हे तपासता येतं. आजच्या मोजणीनुसार उज्जैन सुमारे ७५.८ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि वाशिम ७७.१ अंशांच्या किंचित पुढे. फरक सव्वा ते दीड अंशाचा. अंतरात मांडला, तर वाशिम त्या रेषेच्या सुमारे १४० किलोमीटर पूर्वेला पडतं.

एवढी चूक? थांबा, हीच चूक वेळेत मांडून पाहू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. उज्जैन आणि वाशिम यांच्या मध्यान्हांत फरक पडतो जेमतेम साडेपाच मिनिटांचा.

अक्षांश काढणं जुन्या ज्योतिषांना सोपं होतं. बारा अंगुळांचा शंकू सपाट जमिनीवर उभा करायचा आणि विषुवदिनी भर माध्यान्ही त्याची सावली मोजायची. हीच पलभा. वाशिमची पलभा सुमारे ४.४ अंगुळं, उज्जैनची ५.१. कुणाला काही विचारावं लागत नाही. रेखांशाचं तसं नाही. त्यासाठी दोन गावांत एकाच क्षणी किती वाजले, हे कळलं पाहिजे, आणि तेव्हा ना तार होती ना फोन. ‘सूर्यसिद्धान्ता’त त्यावर तोड आहे ती चंद्रग्रहणाची. ग्रहण चंद्रावर घडतं, त्यामुळे ज्याला ज्याला चंद्र दिसतो त्या सगळ्यांना ते एकाच क्षणी दिसतं. मात्र त्या क्षणी प्रत्येक गावची स्थानिक वेळ निराळी असते. वेळेतला तो फरक म्हणजेच रेखांशातला फरक.

कल्पना अप्रतिम, पण साधन घटिकापात्राचं. एक घटिका २४ मिनिटांची. त्यात पृथ्वीच्या सावलीची कड धूसर, त्यामुळे ग्रहण नेमकं कधी लागलं यावर दोन निरीक्षकांचंही एकमत होणं कठीण. अशा मोजणीत साडेपाच मिनिटं, म्हणजे चौदा पळं, निसटली तर मला त्याचं नवल वाटत नाही.

तुमच्या घड्याळातले बारा तरी खरे कुठे आहेत? १ जानेवारी १९०६ पासून आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. वाशिम त्याच्या सुमारे ५.४ अंश पश्चिमेला, म्हणून इथला मध्यान्ह सरासरी १२ वाजून २१ मिनिटांनी होतो. सरासरी म्हणण्याचं कारण असं, की पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला, त्यामुळे सूर्य घड्याळाच्या कधी पुढे असतो, कधी मागे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सोळा मिनिटं पुढे असल्यानं मध्यान्ह १२.०५ लाच उरकतो. फेब्रुवारीच्या मध्याला मात्र १२.३५ होतात. जिल्ह्याच्या आतही फरक आहेच: कारंज्याचा सूर्य रिसोडपेक्षा जवळजवळ तीन मिनिटं आधी माथ्यावर येतो.

हे पाहायला एक मीटरची सरळ काठी पुरे. ओळंबा लावून ती उभी करा आणि बुडाशी केंद्र धरून साधारण ८५ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा. सावलीचं टोक सकाळी वर्तुळाला शिवून आत येतं आणि दुपारी शिवून बाहेर पडतं; त्या दोन्ही खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. तिला काटकोनात काठीपासून काढलेली रेघ उत्तर-दक्षिण, आणि सावली त्या रेघेवर येते तो तुमच्या अंगणातला मध्यान्ह. दिवाळीच्या सुमारास तेव्हाची सावली ७० सेंटीमीटरच्या आसपास भरेल.

काठीची सावली पूर्ण नाहीशी होण्याचे दिवस वाशिमला वर्षातून दोनदा येतात: २१ मेच्या आणि २२-२३ जुलैच्या सुमारास. पहिला येतो ऐन सुट्टीत आणि दुसऱ्या वेळी बहुधा आभाळ भरलेलं असतं, म्हणून काठी मेमध्येच उभी केलेली बरी.