पाणी परतायला ४९ वर्षं

लंडनच्या सडबरी हिलला रेल्वेसाठी टेकडी कापली ती १९०० साली. कापलेला उतार खचला १९४९ मध्ये. नॉर्थोल्टच्या कटिंगने १९ वर्षं कळ काढली, केन्सल ग्रीनच्या संरक्षक भिंतीमागच्या मातीने २९. एवढी वर्षं निमूट उभी असलेली माती मग एकाएकी का सुटावी?

ओहोटीच्या ओल्या वाळूवर पाय रोवून पाहा. पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकट दिसते. कण एकमेकांवरून सरकताना त्यांच्यातली जागा वाढते आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. त्या क्षणी वाळू घट्ट लागते. मग पाणी भरतं, चकाकी परत येते, पाय रुतू लागतो.

लंडन क्ले ही सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेली चिकणमाती, वरच्या ओझ्याने दाबून गच्च झालेली. कटिंग खणलं की ओझं उतरतं आणि माती फुगू पाहते. फुगायला पाणी हवं, आणि तेच या मातीत शिरता शिरत नाही. म्हणून आतल्या पाण्याचा दाब घटतो. कधी तो शून्याखाली जातो आणि पाणीच कणांना एकमेकांकडे खेचून धरतं. ताजा उतार ताठ उभा असतो तो या उसन्या बळावर. पुढे भूजल झिरपत येतं, दाब चढतो, कणांची एकमेकांवरची पकड सैल पडते. पाण्याची पातळी एक मीटर वाढली की दाब सुमारे १० किलोपास्कलने वाढतो. वाळूत जे क्षणात होतं, त्याला इथे दशकं लागतात.

पाण्याचा दाब मातीचं बळ खातो, हे अभियंते कार्ल टेर्झागी यांनी १९२० च्या दशकातच मांडलं होतं. तरी विलंबाचं कोडं उरलंच. मृदा-अभियंते ॲलेक स्केम्प्टन यांनी १९६४ च्या रँकिन व्याख्यानात भर दिला तो काळानुसार घटणाऱ्या मातीच्या ताकदीवर. १९७३ मध्ये व्हॉन आणि वॉलबँक यांनी दाखवलं, की एजवेअरबरीचं कटिंग ९ वर्षांचं झालं तरी आतला दाब पूर्ववत झालेला नव्हता. १९७७ मध्ये स्केम्प्टन यांनी या विलंबाला आपल्या विवेचनात मध्यवर्ती जागा दिली. आपलंच म्हणणं असं दुरुस्त करणारा विद्वान मला फार आवडतो.

उपाय जुनेच आहेत: उतारात चर खणून दगड भरायचे, पाण्याला वाट द्यायची. झाडंही उन्हाळ्यात पाणी ओढून उतार सावरतात. रुळांवर पानं पडतात म्हणून झाडं तोडली, की पाणी पुन्हा मातीत शिरू लागतं.