बीटी कापसाच्या मुळांभोवतीची सृष्टी
भारतात २००२ मध्ये लागवडीस परवानगी मिळालेल्या बीटी कापसात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे जनुक असते आणि हा जिवाणू मूळचा मातीतलाच असल्याने त्याचे क्राय प्रथिन, म्हणजे बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात सक्रिय होऊन तेथील पेशींना छिद्रे पाडणारे विष, मातीला सर्वस्वी अपरिचित नाही. मात्र पिकाच्या अवशेषांतून मातीत उतरलेले हे प्रथिन चिकणमातीच्या कणांना व कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतील ह्यूमिक आम्लांना चिकटते, तेव्हा सूक्ष्मजीवांकडून होणाऱ्या विघटनापासून ते काही काळ बचावते. बीटी मक्याच्या मुळांतूनही ते स्रवते, असे न्यूयॉर्कमधील संशोधक स्टॉट्झकी व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत प्रथिने धरून ठेवणारे माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीतील खनिज विपुल असल्याने हे प्रथिन मातीत किती काळ टिकते हा प्रश्न येथे विशेष जिव्हाळ्याचा ठरतो. जिवाणू व बुरशी यांना आतडेच नसल्याने या विषाचा थेट घाव त्यांच्यावर बसत नाही आणि बहुतेक शेतचाचण्यांत मातीचा प्रकार, हंगाम व वाण यांमुळे सूक्ष्मजीवसमूहात पडणारा फरक बीटी गुणामुळे पडणाऱ्या फरकाहून मोठा आढळला आहे; तरीही वर्षानुवर्षे केवळ कापूसच घेतल्या जाणाऱ्या कोरडवाहू शेतांत सूक्ष्मजीवांवरील परिणामांची तपासणी दीर्घकाळ चालू राहणे अत्यावश्यक आहे, कारण एकदोन हंगामांच्या नोंदींतून संथ बदल दिसत नाहीत.