ऐनाच्या फांदीवरचा कोसा

टसर रेशमाचा पतंग काहीही खात नाही. खाण्याजोगं तोंडच त्याला नसतं. कोशातून बाहेर पडल्यावर हाताशी जेमतेम आठवडा-दीड आठवडा. तेवढ्यात जोडीदार गाठायचा, अंडी घालायची आणि संपायचं. मादी रात्री फांदीला लटकून गंध सोडते. नर आपल्या पिसाऱ्यासारख्या मिशांनी तो टिपतो आणि अंधारात तिच्यापर्यंत पोचतो. दोघांच्याही चारही पंखांवर एकेक पारदर्शक ठिपका असतो, डोळ्यासारखा.

खाण्याचं सगळं काम अळीनेच उरकलेलं असतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या रानात ही हिरवीगार अळी ऐन आणि अर्जुनाच्या पाल्यावर महिना-दीड महिना चरते. या काळात ती चार वेळा कात टाकते. पुढे आसपासची पानं ओढून घेते आणि कोष विणायच्या आधी फांदीभोवती रेशमाचं कडं घालते. कड्याला देठ, देठाला कोष. पान गळलं तरी कोष जागचा हलत नाही, इतकी चोख तजवीज!

हाच तो कोसा. तो इतका टणक की बोटांनी दाबून दबत नाही. पतंग बाहेर येताना तोंडातून द्रव सोडतो, त्यातलं विकर कोशाचं टोक मऊ करतं आणि पतंग तिथून वाट काढतो. पण तसं झालं की सलग धागा मिळत नाही. म्हणून बियाण्याचे कोष बाजूला काढून बाकीच्यांतला जीव वाफेने किंवा उन्हात मारतात. कोसा साडीचं कौतुक करताना हे आपण सहसा बोलत नाही.

तुतीचा रेशीमकिडा माणसाने इतका माणसाळवला, की त्याच्या पतंगाला उडताही येत नाही. टसरचं तसं नाही. पूर्व विदर्भात ढिवर समाजातली अनेक कुटुंबं त्याचं पीक घेतात, पण उघड्या रानातच. अळ्या झाडावर सोडायच्या, पाला संपला की दुसऱ्या झाडावर हलवायच्या आणि पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्यांपासून राखण करायची. ही शेतीपेक्षा गुराख्याची मेहनत. ऐन तुटला तर ती करायला जागाच उरत नाही.

हंगामातले शेवटचे कोष हिवाळा-उन्हाळा तसेच काढतात. आतला जीव पावसाळ्याची वाट पाहतो. उन्हाळ्यात निष्पर्ण ऐनावर असा राखाडी-पिवळट कोसा दिसला, तर टोकाला भोक आहे का ते पाहा. नसेल, तर तो फांदीवरच राहू द्या.